नऊ-नऊच्या तीन टोळ्या : छोट्या पटाच्या शाळेचे एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी. पट २७ : पहिलीत ६, दुसरीत ५, तिसरीत ४, चौथीत ७, पाचवीत ५. मुली १२, मुले १५. त्यांतली ८ मुले गावालगतच्या कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून येतात. दोन शिक्षक, त्यांतल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. दोन खोल्या, एक व्हरांडा, एक कडुनिंब आणि साधारण २६ बाय १५ मीटरची मोकळी जागा, सगळी काळ्या मातीची. गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. अशा शाळांमध्ये सर्रास दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण बांधले आहे, त्यामुळे इथले पटाचे आणि निकालाचे आकडे या प्रकरणापुरतेच समजावेत. दोन्ही वर्षांचा वर्गवार पटही सोयीसाठी सारखाच धरला आहे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे कागदावर ही शाळा भरलेली आहे. प्रत्यक्षात पाच वर्ग दोघांच्या हाती असतात. त्यांतला एक केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीला, ऑनलाइन माहिती भरायला किंवा पोषण आहाराच्या नोंदींना गेला की पाचही वर्ग एकट्याकडे. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीकडे उघडते, आणि मार्चपासून सकाळपाळी लागते. हातात येतो तो मधला काळ, आणि त्याच काळात सोयाबीनची सोंगणी येते, कापसाची वेचणी येते, आणि क्रीडा व सांस्कृतिक महोत्सवही येतो.

नोव्हेंबर ते जानेवारी

केंद्रस्तरीय महोत्सव जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होता. तिथे जिंकले की तालुका, मग जिल्हा. शाळेने मुलांची कबड्डी, मुलींचा खो-खो आणि एक समूहनृत्य एवढे भाग घ्यायचे ठरवले. सराव दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झाला. रोज दुपारी दोन ते चार.

आता गणित पाहा. कबड्डीला मैदानात सात लागतात. चौथी-पाचवीत मुलगे बरोबर सात. खो-खोला नऊ लागतात. चौथी-पाचवीत मुली पाच, म्हणून तिसरीतल्या दोन आणि दुसरीतल्या दोन घेतल्या, नऊ झाल्या. राखीव खेळाडू दोन्ही संघांना नाही. १६ मुले मैदानावर गेली की खोलीत उरली ११ : पहिलीची सहा, दुसरीचे तिघे, तिसरीचे दोघे. एक शिक्षक मैदानावर, दुसरा या अकरांपाशी, आणि त्याच वेळी टेबलावर भरायची माहिती. अकरांना दिले जाणारे काम ठरलेले : फळ्यावरचे उतरवून घ्या. पहिलीची मुले अक्षरांची चित्रे काढत राहिली. हात चालत होता, वाचन होत नव्हते.

सात आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज दोन तास. ७० तास होतात, म्हणजे ८०० तासांचा जवळपास बारावा हिस्सा.

डिसेंबरात वेचणीला जोर आला. घरची मोठी माणसे पहाटेच वावरात जातात, धाकट्याला सांभाळायला चौथी-पाचवीतली पोर घरी थांबते. सातांतला एक जरी आला नाही की कबड्डीचा संघ मोडायचा. त्या दिवशी सराव व्हायचा नाही, पण दोन ते चारचा वेळ सरावाचा म्हणून ठरलेला, तेव्हा शिकवणेही व्हायचे नाही. मुले कडुनिंबाखाली बसून राहायची. या बसून राहिलेल्या दुपारी कुठल्याच हजेरीपत्रकात दिसत नाहीत, पण नुकसान त्यांनीच जास्त केले.

समूहनृत्यासाठी चालू सिनेमातले गाणे निवडले गेले आणि तालुक्याहून भाड्याने कपडे आणायचे ठरले, प्रत्येकी दीडशे-दोनशे रुपये. पोडावरच्या आठांपैकी सहा जणांनी पैसे आणले नाहीत. त्यांना कोणी नाचातून काढले नाही. ती आपणहून मागे सरली आणि तालमीच्या दिवशी घरीच राहू लागली. पोरगं ‘पैसे नाहीत’ असे सांगत नाही, ‘पोट दुखते’ सांगते.

महोत्सवात मुलींचा संघ पहिल्याच सामन्यात बाद झाला, कबड्डीत एक सामना जिंकला, नाचाला टाळ्या मिळाल्या. परतल्यावर जानेवारीअखेर वाचन तपासले, तेव्हा पहिली-दुसरीच्या अकरा मुलांपैकी आठ जण नोव्हेंबरात होती त्याच पायरीवर होती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका आईने सरळ विचारले, “पोट्ट्यायले शायेत खेयालेच पाठवतो काय आमी?” आणि एका बापाचे म्हणणे नेमके उलटे होते : “कप आला असता तं गावाचं नाव झालं असतं, अजून सराव पायजे होता.”

दोघांचेही दुखणे खरे आहे. पण दोघेही एकच गोष्ट धरून बोलत होते, की खेळ आणि अभ्यास एकमेकांचा वेळ खातात. आमच्या मते या शाळेत ते खरे नव्हते. खेळाने अभ्यासाचे तास खाल्ले ते निवडीमुळे. २७ मधून १६ वेगळे काढले की उरलेल्या ११ जणांची शाळा बंद पडते. मोठ्या शाळेत निवड परवडते, कारण मागे राहिलेल्यांचा वर्ग आणि शिक्षक जागेवर असतात. इथे निवड म्हणजे शाळेचे दोन तुकडे. म्हणून पुढच्या जूनपासून एकच नियम धरला : शाळेतला कुठलाही खेळ, नाच, गाणे सत्तावीसच्या सत्तावीस मुलांचे असेल, आणि त्यात प्रत्येकाला काहीतरी वाचावे, मोजावे किंवा लिहावे लागेल.

टोळ्या

२७ म्हणजे तीन वेळा नऊ. खो-खोच्या एका बाजूला नऊच लागतात. हा योगायोग कामाला आला.

सगळ्या शाळेच्या तीन मिश्र टोळ्या केल्या. प्रत्येकीत पहिलीची दोन, चौथी-पाचवीची चार, बाकी मधली. मुली चार, मुलगे पाच. पोडावरची मुले तिन्हींत विभागली, पण एकटे कोणी पडणार नाही अशी, दोघे-तिघे मिळून. टोळ्यांची नावे मुलांनीच ठेवली : कापूस, तूर, ज्वारी.

वेळ दुपारी दोनची काढून टाकली. खिचडी खाऊन तासाभरात पळायला लावले की पोटात कळ येते, आणि बरीच मुले सकाळी काळ्या चहावर येत असल्याने दुपारी भरपेट जेवतात. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली असते, ते अंगी लागायला वेळ द्यावा लागतो. खेळ चार वाजता ठेवला, आठवड्यातून चार दिवस, ४५ मिनिटे. त्यांत पाच मिनिटे अंग मोकळे करणे, चार-चार मिनिटांचे सहा डाव, प्रत्येक डावानंतर बदलीला दोन मिनिटे, शेवटी चार मिनिटे आकडे वाचून दाखवणे. सहा डाव यासाठी, की कापूस-तूर, तूर-ज्वारी, ज्वारी-कापूस अशा तिन्ही जोड्या एकदा पाठलाग आणि एकदा पळती करून पुऱ्या होतात. प्रत्येक टोळी दोन डाव पाठलाग करते, दोन डाव पळते आणि दोन डाव बाहेर बसते. ‘बसते’ हे नावालाच, कारण खरा अभ्यास तिथे होतो.

बाहेरच्या टोळीतला एक घड्याळ धरतो. एक गुणपत्रक लिहितो : कोण बाद, किती मिनिटे-सेकंदांनी. पहिलीच्या दोघांपुढे २७ नावपट्ट्या उलगडून ठेवलेल्या असतात. धावक बाद झाला की त्याच्या नावाची पट्टी शोधून खांबाजवळच्या डब्यात टाकायची. आपले आणि सोबत्यांचे नाव हे पहिलीच्या मुलाचे सगळ्यात जवळचे शब्द असतात. चूक झाली तर बाद झालेला स्वतःच ओरडतो, शिक्षकाला लाल रेघ मारावी लागत नाही. दिवाळीपर्यंत पहिलीच्या सहापैकी पाच जणांना सगळी नावे ओळखू येत होती. त्यांतून ‘म’, ‘र’, ‘ना’ हे तुकडे सोडवून नवे शब्द करणे सोपे गेले.

गुणपत्रकात लगेच एक चूक दिसली. चौथीतल्या मुलाने दोन धावकांचा वेळ मिळवला : १ मिनिट ४० सेकंद आणि १ मिनिट ३० सेकंद. त्याने लिहिले १.४० अधिक १.३० बरोबर २.७०. बेरीज त्याच्या हिशेबाने बरोबर होती, कारण रुपये-पैसे तो असेच मिळवतो. इथे ‘चूक’ म्हणून खोडले असते तर काही कळले नसते. शिक्षकाने घड्याळ त्याच्या हातात दिले आणि साठावर काटा पुन्हा शून्यावर येतो ते दाखवले. ७० सेकंदांतून ६० उचलले की एक मिनिट, उरले १०. उत्तर ३ मिनिटे १० सेकंद. पुढचे दोन आठवडे पाचवीची मुले मुद्दाम असेच वेळ निवडत होती, जिथे साठ ओलांडतो.

गैरहजेरीचीही सोय टोळीतच आहे. सहा मुले आली नाहीत तर २१ उरतात, टोळी सातांची होते. मग आठ चौकटींऐवजी सहा वापरायच्या : सहा बसतात, एक पाठलाग करतो, धावक तीनऐवजी दोन-दोनच्या तुकडीने आत येतात. एका टोळीत कमी पडला तर दुसरीतला उसना जातो. वेचणीच्या दिवसांत खेळ एकदाही रद्द झाला नाही.

एक गोष्ट मात्र बिघडत होती आणि ती ध्यानात यायला दोन महिने लागले. तिसरीतल्या एका मुलाच्या पायात जन्मापासून दोष आहे. त्याला आपोआप घड्याळ दिले गेले, आणि ते कायम त्याच्याच हाती राहिले. सगळ्यांना ते चांगुलपण वाटत होते, त्याच्या टोळीलाही. प्रत्यक्षात तो खेळाबाहेर गेला होता. नंतर त्याला खांबालगतच्या पहिल्या चौकटीत बसवले. खो मिळाला की त्याने खांबापर्यंतच जायचे, वळसा घ्यायचा आणि लगेच पुढच्याला खो द्यायचा. खांबाजवळ वळणारा धावक त्याच्या हाताच्या टप्प्यात येतो. त्याने पहिला गडी टिपला त्या दिवशीचे गुणपत्रक त्याच्याच अक्षरात आहे : स्वतःच्या नावापुढे एक उभी रेघ, इतर रेघांपेक्षा ठळक.

मैदान

खो-खोचे पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटर. ते इथे मावत नाही, आणि सहा-सात वर्षांच्या पायांना तेवढे लागतही नाही. २० बाय १२ चे आखले. दोन्ही टोकांना एक-एक मीटर सोडून खांब, म्हणजे खांबांमध्ये १८ मीटर. आठ चौकटी म्हणजे नऊ अंतरे, १८ भागिले ९, प्रत्येकी २ मीटर. हा भागाकार चौथी-पाचवीने आधी वहीत केला, मग जमिनीवर.

आखणीला नायलॉनची दोरी घ्यावी. काथ्या ओला-सुका झाला की लांबी बदलते. दर मीटरला गाठ. कोपरा काटकोनात येण्यासाठी १२ मीटरची दोरी ३, ४ आणि ५ मीटरवर ताणून त्रिकोण करायचा, तीन आणि चारच्या मधला कोन काटकोन होतो. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे, दोन्ही २३ मीटर ३२ सेंटीमीटरच्या आसपास आले की मैदान सरळ. पहिल्या वेळी दोन कर्णांत जवळपास अर्ध्या मीटरचा फरक आला, कारण एका पोराने गाठीच्या अलीकडे धरले होते आणि दुसऱ्याने पलीकडे. ‘गाठीच्या मधोमध’ हा नियम मुलांनी त्यानंतर स्वतः केला.

रेघांना चुन्याची फक्की मारायची सवय सगळीकडे आहे. लहान मुले बसणार तिथे ती मारू नये. उडून डोळ्यांत जाते आणि भाजते. पोषण आहाराच्या चुलीतली राख चाळून वापरली. काळ्या मातीवर ती चांगली उठून दिसते, मात्र रोज आखावी लागते.

काळ्या मातीचा त्रास दोन्ही ऋतूंत वेगळा. जुलै ते सप्टेंबर पायाला चिखल चिकटतो आणि घसरते. तेव्हा व्हरांड्यात लंगडी आणि बैठे खेळ. ऑक्टोबरात माती आवळून भेगा पडतात, पोराचे पाऊल आत शिरेल एवढ्या, आणि घोटा मुरगळतो. उपाय मुरूम. पण सगळ्या २० बाय १२ वर पाच सेंटीमीटर जाडीने टाकायचा तर १२ घनमीटर लागतो, म्हणजे सव्वाचार ब्रास. तेवढा कोणी देत नाही. बसणारे मधल्या पट्ट्यातच असतात आणि पाठलाग करणारेही त्याच्या आसपासच जास्त असतात, म्हणून फक्त १८ बाय ३ मीटरचा पट्टा केला. तो २.७ घनमीटर, साधारण एक ब्रास, ट्रॅक्टरची एक ट्रॉली. समितीतल्या एका पालकाने ती टाकून दिली आणि पाणी शिंपडून त्यावरून ट्रॅक्टर चार वेळा मागे-पुढे नेला. कडा मात्र फावड्याने उतरत्या कराव्या लागतात, नाहीतर तिथेच ठेच लागते. मुरूम पाऊस संपल्यावरच टाकावा. जूनमध्ये टाकलेला पहिल्या दोन पावसांत मातीत बुडतो.

खांब बांबूचे, सहा फुटी : दोन फूट जमिनीत, चार फूट वर. काळ्या मातीत नुसता गाडलेला खांब आठ दिवसांत हलतो, खड्ड्यात दगड आणि मुरूम ठासावा लागतो. वरच्या भागाला तरट गुंडाळून सुतळीने शिवले, कारण वळसा घेताना हात घासतो. खेळायच्या आधी तुराट्यांच्या खराट्याने पट्टा झाडायचा. अनवाणी पायांत गोखरू आणि बाभळीचा काटा हीच इथली रोजची दुखापत आहे.

खर्च मोजकाच. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान १० हजार रुपये. त्यात वीजबिल, खडू, स्वच्छता, दुरुस्ती. क्रीडा साहित्यासाठी प्राथमिकला पाच हजारांपर्यंत वेगळे. मैदानाला दोरी, बांबू आणि सुतळी सोडून काही लागले नाही, म्हणून उरलेल्यातून दोन घड्याळे आणि उड्या मारायच्या दोऱ्या आल्या.

खेळातले एक बारीक. पहिलीची मुलगी शेजारचा खो ऐकून आपणच उठते. ती आवाजावर उठते, स्पर्शावर नाही. तिला ओरडून उपयोग नाही. आठही जणांना डोळे मिटून बसवायचे, शिक्षक मागून फिरतो, कधी नुसते ‘खो’ म्हणतो, कधी नुसता हात लावतो, कधी दोन्ही. दोन्ही झाले तरच उठायचे. चार-पाच दिवसांत जमते. खो देणाऱ्याने पंजा उघडा ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये टेकवायचा. पाचवीतला पोरगा जोरात धक्का देतो आणि लहानगी तोंडावर पडते. अशा वेळी खो बाद आणि देणाऱ्याने पुन्हा बसायचे, एवढा एक घरचा नियम पुरला.

ळ, ण आणि खंजिरी

जुलैत प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून वाचायला दिले. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात असतात त्याच पायऱ्या : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला चार-पाच मिनिटे, २७ जणांना दोन तास, ते दोन दिवसांत विभागले.

इथे वऱ्हाडीचा प्रश्न येतो आणि तो हमखास चुकीचा सोडवला जातो. पोर ‘डोळा’ या शब्दावर बोट ठेवते आणि ‘डोया’ म्हणते. ‘पाणी’वर ‘पानी’. ‘केळी’वर ‘केयी’. तपासणारा चूक धरतो आणि मुलाला अक्षर पायरीवर ढकलतो. पण ज्याला ‘ळ’ कळला नाही तो ‘डोया’ म्हणूच शकणार नाही. त्याने अक्षर ओळखले, शब्द ओळखला आणि आपल्या घरच्या उच्चारात सांगितला. हे वाचन आहे. खात्री करायची तर डोळा, डोके, डोसा असे तीन शब्द पुढे ठेवून ‘डोळा’ या शब्दावर बोट ठेवायला सांगावे. उच्चार हळूहळू शिकवावा, पायरी त्यावर ठरवू नये. या एका दुरुस्तीने तीन मुले वरच्या पायरीला गेली. ती आधीच तिथे होती.

पोडावरच्या मुलांचे वेगळे. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीशी तिची नाळ नाही. त्या मुलाला ‘बैल’ वाचता येते पण शब्दाचे चित्र मनात येत नाही. त्यांच्या शब्दांची भिंत केली : वस्तूचे चित्र, खाली मराठी शब्द, त्याखाली देवनागरीत कोलामी. शब्द मुलांनी सांगायचे, शिक्षकाने लिहायचे. महिन्याभरात गावातली पोरेही कोलामीत दहापर्यंत मोजू लागली आणि अंग मोकळे करताना तीच मोजणी चालू झाली.

जोडाक्षरांना खंजिरी कामी आली. तुकडोजी महाराजांमुळे या भागात बऱ्याच गावांतल्या गुरुदेव सेवा मंडळात ती असतेच, मागितली की मिळते. एका अक्षराला एक थाप. ‘कमळ’ला तीन. ‘शक्ती’ला मुले तीन थापा देतात, श, क, ती. दोनच द्यायच्या, आणि ‘क्’ला पहिल्या थापेच्या शेपटीत दाबून म्हणायचे. कानाला बसले की डोळ्याला सोपे जाते. दुसरी-तिसरीला रोज दहा शब्द, पाच मिनिटे, परिपाठानंतर. जास्त वेळ घेतला की नुसता गोंगाट होतो.

भुलाबाई आणि दंडार

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात भुलाबाई बसते. गाणी घरोघरच्या आज्यांना पाठ आहेत. शाळेने शनिवारची सकाळ त्यांना दिली. चौथी-पाचवीने गाणी घरून ऐकून लिहून आणली, जशी आजी म्हणते तशीच, शुद्ध न करता. बऱ्याच गाण्यांत तीच ओळ एका नव्या शब्दाने पुढे सरकते, त्यामुळे अडखळत वाचणाऱ्यालाही पुढची ओळ अर्धी येत असते. धीर येण्यासाठी याहून चांगले पाठ्यसाहित्य आम्हाला माहीत नाही. एकाच गाण्याची तीन घरांतून तीन रूपे आली आणि ‘खरे कोणते’ यावर पोरे भांडली. शिक्षकाने तिन्ही वहीत ठेवली, खाली कोणाच्या घरची ते लिहून.

शेवटी खिरापत ओळखायची. डबा बंद, मुलांनी विचारायचे : गोड की तिखट? भाजलेले की तळलेले? वावरातले की दुकानातले? पहिलीची मुले आधी थेट नावेच घेतात, लाडू का, चिवडा का. चौथीची मुले निम्मे पदार्थ एका प्रश्नात कापतात. हा फरक मुलांना दाखवून द्यावा, पुढच्या शनिवारी दुसरीतलीही तसे विचारू लागतात. मुलगे पहिल्या दिवशी लांब उभे होते. डबा त्यांच्या घरून आणायची पाळी लावली, मग लांब राहिले नाहीत.

महोत्सवासाठी भाड्याचे कपडे बंद, असा ठराव समितीने केला. या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे एकदा तिथे ठरले की शिक्षकाला घरोघर समजावत फिरावे लागत नाही. नाच निवडला तो पोडावरची दंडार. शिकवायला पोडातले दोन वडीलधारे आले, दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा. आधी त्यांना विचारून घेतले : यातले काय मंचावर चालेल, काय चालणार नाही. काही भाग देवाच्या कार्यातला आहे, तो त्यांनी बाहेर ठेवायला सांगितला आणि तो बाहेरच ठेवला. हे विचारणे चुकवू नये. दुसऱ्याची पूजा आपल्या बक्षिसासाठी उचलून आणली तर पोडातली मुले मंचावर जातील, पण मान खाली घालून.

कपडे घरचे, पांढरा पंचा आणि सदरा. घुंगरू पोडातून उसने. पावले शिकवण्याचे काम पोडातल्या पाचवीच्या एका मुलीकडे आले. वर्गात ती क्वचितच बोलायची. गोल फिरताना पावले चुकवणाऱ्या गावातल्या मुलाचा हात धरून ती त्याला कोलामीत मोजून दाखवत होती, आणि तो तसेच मोजत पाय टाकत होता. तिच्या हजेरीपत्रकात डिसेंबरात तीनच खाडे आहेत, आदल्या वर्षी अकरा होते.

जे झाले, जे झाले नाही

महोत्सवात कबड्डीला संघ पाठवला नाही. मुलींचा खो-खो संघ दोन सामने जिंकून तिसऱ्यात हरला. वर्षभर मिश्र टोळ्यांत खेळलेल्या मुलींना पूर्ण वेळेचा डाव आणि पूर्ण मैदान यांची सवय नव्हती, शेवटच्या दोन मिनिटांत दम गेला. शेवटचे तीन आठवडे तरी आठवड्यातून एकदा शेजारच्या गावच्या मोठ्या मैदानावर नेणे गरजेचे होते. कप हवा म्हणणाऱ्या पालकाचे म्हणणे एवढ्यापुरते बरोबर निघाले. दंडारीत २७ पैकी २४ मुले मंचावर होती.

जानेवारीअखेरच्या वाचनात पहिली-दुसरीच्या अकरांपैकी आठ जण जुलैच्या पायरीहून वर गेलेले. राहिलेल्या तिघांपैकी दोघे वेचणीच्या दीड महिन्यात निम्मे दिवसही आलेले नाहीत. खेळ कितीही चांगला झाला तरी घरी पाळण्याजवळ बसलेल्या पोराला तो दिसत नाही. त्यावर शाळेकडे उत्तर नाही. अंगणवाडी सकाळी लवकर उघडली आणि धाकटे तिथे राहिले तर काही मुले सुटतील, तेवढे बोलणे समितीत चालू आहे.

जूनअखेर पाचवीचे पाच जण पुढच्या गावी सहावीला जातील आणि पहिलीत दोनच नवी नावे येणार आहेत. पट २४, टोळी आठांची. चौकटी सात कराव्या लागतील, म्हणजे अंतरे आठ, १८ भागिले ८, सव्वादोन मीटर. मीटर-मीटरच्या जुन्या गाठी तिथे जुळत नाहीत. तेव्हा मैदान ओले असेल, म्हणून नव्या पाचवीचे पहिले काम व्हरांड्यातच ठेवले आहे : खडू, मोजपट्टी, आणि दर २ मीटर २५ सेंटीमीटरला नवी गाठ.